मी बनवलेली बाई

मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मेडिकल दुकानाच्या वरची खोली भाड्याने घेऊन मी समुपदेशनाचं काम सुरू केलं, तेव्हा गोंदियात या कामाला नेमकं काय म्हणायचं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. खालचा मेडिकलवाला जिना दाखवताना अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, ‘ऊपर दिमागवाली मॅडम बैठती है.’ एवढं ऐकून आलेला माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच मागे फिरायचा आणि आपण दुसऱ्याच कामासाठी आलो होतो हे दाखवायला खोकल्याचं औषध घेऊन जायचा. मी वरच्या खिडकीतून हे बघायची आणि चडफडायची. माझ्यामुळे त्याचा खोकल्याच्या औषधाचा खप मात्र चांगला वाढला असावा.

नागपूरला मानसशास्त्र शिकून, तिथल्याच एका दवाखान्यात काही वर्षं काम करून मी सासरी परतले होते. काम येत होतं, माणसं येत नव्हती. दोन हजार दहा उलटून चार-पाच वर्षं झाली होती. ज्याच्या त्याच्या हातात मोठा मोबाइल आला होता, आणि भाजीवाल्यापासून ब्यूटी पार्लरपर्यंत सगळ्यांची आपापली पेजं निघाली होती. मग मीही सोशल मीडियावर पेज काढलं. पहिल्या पोस्टमध्ये माझा फोटो, मागे तेवती पणती आणि खाली ‘मनातला अंधार दूर करू या’ अशी ओळ टाकली. माझ्या एका मावसभावानं आणि सासरच्या एका लांबच्या काकांनी त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. काकांचा तर दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला सांत्वनाचा फोनही आला, आणि तो मीच उचलला.

त्यानंतर मी नैराश्याची लक्षणं टाकली, चिंतेची लक्षणं टाकली, मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर लिहिलं. लाइक करणारे ठरलेले होते: नवरा, नणंद, आणि दिसेल त्या गोष्टीला लाइक करणारी नागपूरची एक मैत्रीण. नवरा ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. तो म्हणाला, लक्षणं कोण वाचतं, माझी पोरं परीक्षेला सुद्धा वाचत नाहीत. माणसाची गोष्ट सांग, लोक गोष्टीला थांबतात.

त्याचं म्हणणं पटलं, पण गोष्ट सांगायची कोणाची? माझ्याकडे येणारी माणसं मोजकीच होती आणि त्यांच्यातल्या कोणाबद्दल अक्षरही लिहिणं शक्य नव्हतं. आमच्या जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘कोणत्या गावचे’ आणि दुसरा ‘कोणाचे’ असा असतो. एवढ्यावर लोक घराच्या दारापर्यंत पोचतात. नाव बदलून, वय बदलून काही उपयोग नव्हता. म्हणून मी ठरवलं की बाई पूर्णपणे मनानंच बनवायची. कुठल्याही खऱ्या बाईचा केसही तिला लागू द्यायचा नाही. याहून जास्त काळजी कोणी काय घेणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गाव हायवेवरचं घेतलं, कारण तिथं माझ्याकडे येणारं कोणीच नव्हतं. हायवेवरचं म्हणून नवरा ट्रकवर. घरात सासू आणि एक लहान लेकरू. बाईला रिकामं बसवायचं नव्हतं, म्हणून तिला काहीतरी काम द्यायला हवं होतं. समोरच्या खुर्चीवर माझी पिको-फॉलला द्यायची साडी पडलेली होती. दिलं तिला पिको-फॉलचं मशीन. चुलीजवळ बसली की तिला रडू यायचं आणि कारण सांगता यायचं नाही. दोरे आणि फॉल घ्यायला गोंदियाला जाते असं घरी सांगून ती माझ्याकडे येत राहिली आणि हळूहळू सावरली. शेवटी मी मोठ्या समाधानानं लिहिलं, ‘तिच्या घरी आजतागायत कोणालाही कळलेलं नाही. इथली गोष्ट बाहेर जात नाही.’ तीच तर माझी जाहिरात होती.

पोस्ट चालली म्हणजे अशी चालली की मी थक्क झाले. मोबाइल टेबलावर सारखा थरथरत होता. लोक ती आपापल्या पेजवर नेत होते, ग्रुपवर टाकत होते. ओळखपाळख नसलेल्या बाया ‘आमच्या मनातलं लिहिलं मॅडम’ असं सांगत होत्या. जिन्यावर पावलं वाजायला लागली. मी नवऱ्याला चहा करून दिला आणि त्याची केमिस्ट्री वाया गेली नाही असं ऐकवलं.

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. धानकापणीचे दिवस होते. भर दुपारी एक माणूस जिना चढून आला. त्याच्या शर्टाला धानाचा भुसा चिकटलेला होता. बांधावरून सरळ उठून आला असावा. दवनीवाड्याचा आहे म्हणाला. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला आणि आवाज न चढवता म्हणाला, ‘मॅडम, माह्या बहिणीनं तुमाले का का सांगितलं, तेवढं सांगा. बाकी आमी पाहून घेऊ.’

मी विचारलं, कोण बहीण? त्यानं मोबाइल काढून माझ्यासमोर ठेवला. माझीच पोस्ट होती. पण वर कोणीतरी हायवेवरच्या सडक अर्जुनीतल्या एका मोहल्ल्याचं नाव लिहिलं होतं, आणि खाली एका दाराचा फोटो जोडला होता. दारावर पत्र्याची पाटी होती, ‘पिको-फॉल करून मिळेल’. त्याखाली हसणारे चेहरे, आणि कोणीतरी लिहिलेलं, ‘तरीच म्हटलं, दर महिन्याले गोंदियाले कायले जाते.’

मी ती पाटी पुन्हा पुन्हा बघत होते. अशी पाटी जगात कुठं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि ती खरोखर होती, तिच्यावर पावसाचे ओघळ होते.

मग त्यानं सगळं सांगितलं. साडी द्यायला आलेल्या एका बाईनं त्याच्या बहिणीच्या सासूला मोबाइलवरची ही पोस्ट वाचून दाखवली. बहिणीचा नवरा तेव्हा ट्रक घेऊन रायपूरकडे होता. त्यानं फोनवरूनच आईला सांगितलं, तिला माहेरी पोचवून दे. पोचवलं. पण चार वर्षांचा मुलगा ठेवून घेतला. डोक्याची दवाई चालू असलेल्या बाईजवळ लेकरू ठेवायचं नाही, असं सासूचं म्हणणं होतं.

मी त्याला सांगितलं की ही बाई मी मनानं बनवली आहे, तुमच्या बहिणीला मी ओळखत नाही, कधी पाहिलेलंही नाही. त्यानं ऐकून घेतलं. उठून जिन्याशी गेला आणि खाली थांबलेल्या बहिणीला हाक मारली.

ती वर आली. मी मनात केलेली बाई सडपातळ होती, डोळ्यांखाली काळं असलेली. ही चांगली उंचपुरी, दणकट हाडाची, साडीच्या निऱ्या चापूनचोपून बसवलेली. माझ्यामुळे जिचं लेकरू तुटलं तिच्याकडे बघत मी असली तुलना करत उभी होते, याचाही मला धक्काच बसला.

भावानं तिला विचारलं, या मॅडमला ओळखतेस का. ती नाही म्हणाली. मीही नाही म्हणाले. तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘दोघीयनं ठरवूनच ठेवलं वाट्टे.’

जाताना ती दारात थांबली. तिनं एकच गोष्ट विचारली, ‘मॅडम, दोऱ्याच्या नावानं घरून निघाचं, हे तुमाले कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, कोणीच नाही, मनानं लिहिलं. ती पायरीवर एकदा मागे वळली आणि भावाच्या मागे जिना उतरून गेली.

मी ताबडतोब पोस्ट काढली. ती तोवर कुठं कुठं गेली होती ते माझ्या हातात नव्हतं. मग स्पष्ट शब्दांत नवी पोस्ट लिहिली: ती बाई काल्पनिक होती, अशी कोणीही व्यक्ती माझ्याकडे आलेली नाही, कृपया कोणाचंही नाव जोडू नये. पोस्ट टाकून मी प्रतिसादांची वाट बघत बसले. पहिला प्रतिसाद आला, ‘प्रेशर आलं वाटतं मॅडमवर.’ दुसरा, ‘मॅडम, तुम्हाला सलाम. पेशंटसाठी स्वतःला खोटं ठरवून घेतलं.’ त्याखाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, रांगच लागली. मी आ वासून वाचत होते. मी लिहिलेलं खरं वाक्य जिल्ह्यात कोणीच खरं मानलं नव्हतं, आणि त्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं.

त्याहून विपरीत पुढेच होतं. त्या पोस्टनंतर माझ्या खोलीत बसायला खुर्च्या कमी पडायला लागल्या. माणसं लांबलांबून यायची आणि समोर बसल्याबसल्या म्हणायची, तुम्ही काही झालं तरी नाव सांगत नाही म्हणे, म्हणून आलो. खालच्या मेडिकलवाल्यानंही आवाज खाली आणला. आता तो नुसता बोट दाखवायचा. वर्ष-दीड वर्ष ज्याच्यासाठी धडपडले ते एका बाईचं घर मोडून मिळत होतं, आणि मला ते नाकारताही येत नव्हतं, कारण येणारी माणसं खरोखर अडचणीत होती. मी दिवसभर त्यांचं ऐकायची आणि घरी येऊन नवऱ्यावर खेकसायची. गोष्ट सांग म्हणणारा तोच ना.

शेवटी मी त्या भावाला फोन केला आणि दोघं मिळून सडक अर्जुनीला गेलो. सासूच्या तोंडावर सांगितलं की पटेल, असं मला वाटत होतं. एस.टी.तून उतरून मोहल्ल्यात शिरलो तेव्हा ती पाटी काढलेली दिसली. भिंतीवर तिच्या जागी दोन खिळे होते.

सासूनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. मी मनात एक कजाग म्हातारी घेऊन गेले होते. ही बाई तशी नव्हती. वागण्यात अदब होती आणि डोळे सुजलेले होते. नातू कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचं चाक हातानं फिरवत होता. मामाला बघून धावत आला, दाराबाहेर डोकावून आला, मागे आणखी कोणी नाही हे कळल्यावर परत जाऊन चाक फिरवायला लागला.

मी सगळं सांगितलं. मावशी, मी तुमच्या सुनेला ओळखत नाही. ती माझ्याकडे कधी आली नाही. ती गोष्ट खोटी आहे. सासूनं मला बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, ‘तुमी तसंच म्हणाल. तुमीच लिहून ठेवलं ना, इथली गोष्ट बाहेर जात नाही. मंग माह्यासमोर काऊन सांगाल?’

मी शपथ घेतली. ती म्हणाली, तुमचा धंदाच तो आहे, त्यात तुमचा दोष नाही. मी चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. मी जितका जोर देऊन नाही म्हणायची तितकी तिची खात्री पटत होती. मी इतकी वर्षं शिकले ते माणसाला विश्वास वाटावा म्हणून, आणि इथं माझ्यावरचा विश्वासच आडवा आला होता.

मग तिचा आवाज पहिल्यांदा हलला. ‘मी तिले उपाशी ठेवलं? मारलं? चुलीजवळ रडे म्हणता. मी त्याच घरात राहतो, मले कदी दिसली नाही रडताना. तुमाले दिसली. गावातल्या बाया मले पाहून चूप होतात.’ मग ती म्हणाली, ‘आमच्याबद्दल का बोलली, तेवढं सांगा. मंग घेऊन या तिले. मी काही दरवाजा लावून नाही बसली.’

ती तुमच्याबद्दल काहीच बोलली नाही, मी म्हटलं. सासूनं मान हलवली आणि कपबश्या उचलल्या. काहीच सांगत नाही म्हणजे बहुत सांगून ठेवलं असेल, असं ती आत जाता जाता म्हणाली. परतीच्या एस.टी.त भाऊ माझ्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसला. त्याची कापणी तशीच पडली होती.

त्यानंतर काही दिवसांनी ती एकटी आली. बाकीची माणसं जाईपर्यंत बाहेर बसून राहिली. आत आल्यावर मी तिची माफी मागायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं. लेकरू फोनवर बोलायचं बंद झालं आहे म्हणाली. आधी रडायचं, आता आईचा फोन आहे म्हटलं तरी येत नाही. हे सांगताना ती माझ्या टेबलावरच्या कापडाची उसवलेली कड दोन बोटांत दुमडत होती.

‘एक बनवली ना तुमी?’ ती म्हणाली. ‘आणखी एक बनवा.’

मला कळलं नाही. तिनं नीट समजावून सांगितलं. सासूला फोन करायचा. हो, तुमची सून माझ्याकडे येत होती म्हणायचं. आणि ती तुमची तारीफ करायची म्हणायचं. बस, एवढंच. सासूला भीती आहे ती सुनेनं आपली बदनामी केली याची, ती भीती गेली की लेकरू आपोआप मिळतं.

मी सरळ नाही म्हटलं. एक तर कोणी माझ्याकडे येतं की नाही हे मी कोणालाच सांगत नाही, आणि त्यावर खोटं तर अजिबात बोलणार नाही, असं मी बऱ्यापैकी तोऱ्यात ऐकवलं. ती म्हणाली, ‘मंग पयली खरी होती?’

मी फोन उचलला. स्पीकर लावला, तिला ऐकू यावं म्हणून. सासूचा आवाज आल्यावर मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी बोलले नाही. तुमची सून येत होती माझ्याकडे. तुमच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही तिनं. म्हणायची, सासू आहे म्हणून या घरात मी उभी आहे. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मीच दचकले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ‘मले मालूम होतं,’ सासू म्हणाली. ‘त्या दिवशीच तुमच्या तोंडावर दिसत होतं.’ तिच्या घरात बसून मी तासभर खरं बोलले होते, त्यातला एक शब्द तिला पटला नव्हता. आणि या दोन ओळींवर तिनं क्षणात विश्वास ठेवला.

मग सासूनं विचारलं, तर मग रडायची कशाला? मी सुनेकडे बघितलं. तिनं क्षणभर विचार केला आणि ओठ न उघडता हातानं स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं. मी म्हटलं, तुमचा मुलगा दिवसेंदिवस घरी नसतो ना. पलीकडून लगेच आवाज आला, ‘हाव बाई. मले बी येते रडू.’ आणि मग ती सुनेवर रागावल्यासारखी बोलायला लागली, की धान घरात येऊन पडलं, आपल्याला एकटीला होत नाही, पोरगं ऐकत नाही, तिला म्हणावं उद्याच निघून ये.

मी फोन ठेवला. मला वाटलं सून रडेल, हसेल, निदान धावत जिना उतरेल. शेवटची बस गाठायची तर तिला उठायलाच हवं होतं. ती उठली नाही. दाराकडे एकदा बघितलं, जिन्यावर कोणी नाही याची खात्री केली, आणि खुर्ची ओढून माझ्या जवळ घेतली. इतके दिवस मी जिला शपथेवर मनानं बनवलेली म्हणत होते तीच समोर बसली आहे, हे मला तेव्हा, तिचा चेहरा बघून कळलं.

‘मॅडम,’ ती हळूच म्हणाली, ‘आता खरं सांगाले कवा येऊ?’